दोन भाऊ, एक काहील

पत्राचा सारांश : कोल्हापूर जिल्ह्यातल्या एक वाचक पहिली कादंबरी लिहीत आहेत. पंचगंगेकाठचं गाव, घरचं गुऱ्हाळ आणि मार्केट यार्डात छोटं अडत दुकान (शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकणारं). काळ १९९६ ते २००८. वडील गेल्यावर दोन भाऊ धंदा चालवतात. थोरला १९६२चा, कष्टाळू, सरळ, जुन्या वळणाचा. धाकटा १९७१चा, हुशार, उधळा, पैशामागे धावणारा. बहिणीचं लग्न १९९१ साली झालं, ती सांगलीला असते. दीडशे पानं लिहून झाली आहेत. मैत्रिणीने वाचून सांगितलं, ‘दहाव्या पानावरच कळतं पुढे कोण काय करणार.’ म्हणून त्या विचारतात : दोघांच्या स्वभावातला फरक कमी करू का? धाकट्याला जरा चांगलं वागायला लावू का? शेवटी वाटणी दाखवावीच लागेल का? आणि हे आपल्यावरच लिहिलंय, असं घरातल्या काकांना वाटलं तर?

---

मैत्रिणीचं निदान बरोबर आहे, पण तुम्ही शोधलेल्या औषधाने गुण येणार नाही. धाकट्याने एका प्रकरणात देवळाला देणगी दिली आणि थोरला एकदा खोटं बोलला, की माणसं खरी वाटायला लागतात असं नाही. खारट आमटीत गूळ टाकला तर खारटपणा तसाच राहतो आणि वर आमटी गोड होते.

फरक जास्त झाला ही अडचणच नाही. तो फरक विशेषणांत अडकलाय. तुम्ही जोडलेल्या दोन प्रकरणांत ‘दादा पहिल्यापासूनच साधा’ या अर्थाचं वाक्य निवेदक सात वेळा बोलतो. त्याच दोन प्रकरणांत गुऱ्हाळ आहे, धूर आहे, गोड वास आहे, पण रस कोणी उकळत नाही. धंद्यातल्या माणसाचा स्वभाव धंद्याच्या कामात दिसतो, आणि तुम्ही त्या दोघांना काम करूच दिलेलं नाही.

तेव्हा एक आधण, म्हणजे एका वेळी उकळायचा रस, घ्या. दीड टनाच्या आसपास ऊस घाण्यावर गाळला, की त्यातून तीस-तीस किलोचे पाच-सहा रवे, म्हणजे ढेपा, निघतात. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांत गाळायला हवा. पडून राहिला तर साखर फुटते आणि गूळ घट्ट धरत नाही. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, चढतो, चुना पडतो, रानभेंडीचा चिकट रस पडतो, मळी वर येते, ती काढत राहायची. खाली चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, रस काढलेल्या उसाचं वाळलेलं चिपाड. अडीच-तीन तासांनी पाक दाटतो. १०५ अंशांच्या जरा पुढे थांबलात तर काकवी, गुळासाठी ११८पर्यंत न्यायचं. हे आकडे पुस्तकातले. गुऱ्हाळावर थर्मामीटरच्या जागी गुळव्या असतो. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत त्याची गोळी वळून बघतो, आणि ‘उतरवा’ म्हणतो.

त्या एका शब्दाच्या आधीचं मिनिट तुमच्या कादंबरीला हवंय. काहील थोडी लवकर उतरली तर गूळ पिवळा, देखणा होतो आणि सौद्यात पटकन नजरेत भरतो. पण मऊ राहतो, पावसाळ्यात पाझरतो. थोडी उशिरा उतरली तर कडक होतो, टिकतो, गुजरातपर्यंतचा प्रवास सोसतो. पण रंग लालसर येतो आणि हात चुकला तर करपतो. म्हणजे लवकर म्हणणाराही बरोबर आणि थांब म्हणणाराही बरोबर. तुमच्या हस्तलिखितात असा एकही प्रसंग नाही ज्यात दोघेही बरोबर आहेत. मैत्रिणीला दहाव्या पानावरच सगळं कळतं ते म्हणूनच.

आता थोरला काय म्हणेल? ‘तो जुन्या वळणाचा, म्हणून कडक म्हणेल’ असं लगेच लिहू नका. तो रोज कुठे बसतो ते आधी ठरवा. अडत दुकानात बसत असेल तर पाझरलेल्या मालावरून व्यापाऱ्याची बोलणी त्याने खाल्लेली असतात. तो थांब म्हणेल. गुऱ्हाळावर असेल तर शनिवारी माणसांचा पगार द्यायचा असतो, चिपाड संपत आलेलं असतं, दुसरं आधण खोळंबलेलं असतं. तोच ‘उतरव’ म्हणेल. आधी जागा ठरवा, मग स्वभाव. स्वभाव खरा कळतो तो माणूस स्वतःच्या जागेच्या विरुद्ध बोलतो तेव्हा. पगाराची निकड असूनही थांबणारा थोरला आणि दुकानातली बोलणी खाऊनही ‘उतरव’ म्हणणारा धाकटा, असं एकदा तरी होऊ द्या.

हा प्रसंग चारशे-चारशे शब्दांत तीनदा लिहा : थोरल्याच्या नजरेने, धाकट्याच्या नजरेने आणि गुळव्याच्या नजरेने. अट एकच, स्वभाव सांगणारा एकही शब्द वापरायचा नाही. पहिल्या खेपेला काय बिघडेल तेही सांगून ठेवते. दोघे भाऊ काहिलीशेजारी उभे राहून तत्त्वांवर भांडायला लागतील. एक ‘माल चोख हवा’ म्हणेल, दुसरा ‘काळ बदललाय’ म्हणेल. ते सगळं कापा. पंधरा वर्षं एकत्र राबलेली माणसं चुलवाणाच्या तोंडाशी भाषण करत नाहीत. एक म्हणतो, ‘हं.’ दुसरा म्हणतो, ‘थांब की.’ बाकीचं कोण कुठे बघतो यावर सोडा. तिसरा मजकूर बहुतेक सगळ्यांत चांगला उतरेल. गुळव्या उचल घेऊन आलेला असतो आणि हंगाम अर्ध्यात टाकून गेला तर गुऱ्हाळ बंद पडतं. दोन्ही मालक त्याच्यासमोर कसे वागतात, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

हायड्रॉस पावडरीच्या प्रकरणाबद्दलही हेच. रंग पिवळाधमक यावा म्हणून धाकटा चोरून पावडर टाकतो आणि थोरला ती पकडतो, असं तुम्ही लिहिलंय. पण त्या काळात बऱ्याच गुऱ्हाळांवर ती सर्रास टाकली जायची, कारण बाजार रंगाला भाव देत होता. चोरी दाखवली की न्यायनिवाडा आपोआप होतो आणि वाचकाला काही करायला उरत नाही. उलटं करून बघा. सलग दोन हंगाम भाव पडलेला असताना पावडर थोरल्यानेच आणली, घर चालवायचं म्हणून. आणि पुण्याचा एक गिऱ्हाईक बिनपावडरचा गूळ मागतो, चार पैसे जास्त देतो, म्हणून ती बंद करायची भाषा धाकटा करतो. पावडरीचा गूळ साठवणीत पुढे काळवंडतो, हेही दुकानात बसणाऱ्यालाच आधी दिसतं. आता सचोटी कोणाकडे आणि हाव कोणाकडे, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. सांगू नका.

थोरला म्हणजे त्याग आणि धाकटा म्हणजे लाड, हे समीकरण आपल्या घराघरांत इतकं पक्कं आहे की लिहिताना ते आपोआप हाताखाली येतं. तुमच्या दोघांत नऊ वर्षांचं अंतर आहे. त्याचा उपयोग करा. माणूस दहा ते पंधरा वर्षांचा असताना घरात पैशाचं जे वातावरण असतं, ते त्याच्या अंगात मुरतं. १९७२च्या दुष्काळात थोरला दहा वर्षांचा होता. कोल्हापूरला मराठवाड्याइतकी झळ लागली नाही हे खरं, पण रेशनवरची लाल मिलो ज्वारी त्याने खाल्लेली असेल, आणि वडील रात्री वही उघडून गप्प बसलेले बघितले असतील. धाकटा दहा वर्षांचा झाला तेव्हा १९८१ उजाडलं होतं. घरात काय होतं तेव्हा? नवी मोटारसायकल? पक्कं घर? हे कादंबरीत येईलच असं नाही, पण तुम्हाला माहीत हवं. मग एकाची चिकटाई आणि दुसऱ्याची सढळता हे गुणदोष राहत नाहीत. एकाच घरातल्या दोन वेगवेगळ्या काळांच्या आठवणी होतात.

त्याला जोडून एक काम. दोन वह्या करा, प्रत्येक भावाची एक. डाव्या पानावर ‘मी या घराला काय दिलं’, उजव्या पानावर ‘मला काय मिळालं’. धाकट्याचं बी.कॉम. थोरल्याने गुऱ्हाळात राबून केलं असेल, तर थोरल्याच्या वहीत ती रक्कम मोठी असेल. धाकट्याच्या वहीत ती लहान असेल, आणि तिच्या शेजारी एक नोंद असेल जी थोरल्याच्या वहीत नाहीच : सुट्टीत सहा वर्षं दुकानात बसलो, बिनपगारी. दोघांच्या वह्या जुळता कामा नयेत आणि दोघांनीही खोटं लिहिलेलं असता कामा नये. भांडणाचे सगळे प्रसंग तुम्हाला त्या तफावतीत सापडतील.

भाषेचं एक खटकलं. थोरला ‘व्हय, न्हाई’ बोलतो आणि धाकटा पुस्तकी मराठी. बोली म्हणजे साधेपणा आणि प्रमाण भाषा म्हणजे लबाडी, असा हा नकळत काढलेला निकाल आहे. मराठीत तो फार लिहिला गेलाय आणि कंटाळवाणा झालाय. एका अंगणात वाढलेले, एकाच शाळेत गेलेले भाऊ घरात सारखंच बोलतात. फरक पडतो तो समोर कोण आहे त्यावरून. धाकटा बँकेच्या साहेबासमोर ‘आम्ही परतफेडीचं नियोजन केलेलं आहे’ म्हणेल आणि बाहेर पायरीवर येऊन दादाला ‘लेका, गप बस म्हटलं होतं न्हवं’ म्हणेल. थोरला कदाचित सगळीकडे एकच भाषा बोलत असेल, आणि ती त्याची ताकदही असेल, आडमुठेपणाही. शिवाय दोघांना वडिलांचा एक शब्द सामायिक द्या, जो फक्त त्या घरातच त्या अर्थाने वापरला जातो. कडाक्याच्या भांडणात दोघांच्याही तोंडून तोच शब्द निघाला, की वेगळं वर्णन लागत नाही.

आता जरा रुक्ष भाग, पण तो टाळलात तर पुढची शंभर पानं लटपटतील. हा धंदा कागदावर कोणाचा आहे? हस्तलिखितात कुठे ‘एकत्र कुटुंब’ म्हटलंय, कुठे ‘भागीदारी’. दोन्ही एक नाहीत, आणि भांडण कसं उभं राहील ते यावर ठरतं. जमीन आणि गुऱ्हाळ वडिलोपार्जित असेल तर ते एकत्र कुटुंबाचं. वडिलांमागे थोरला कर्ता, त्याला गरजेपुरतं कर्ज काढता येतं, धाकट्याला तो अधिकार नाही. अडत दुकान भागीदारीत असेल तर १९३२चा भागीदारी कायदा. त्यात एका भागीदाराने धंद्याच्या कामासाठी केलेला व्यवहार फर्मवर येतो आणि देणं प्रत्येकाकडून पूर्ण वसूल होऊ शकतं. म्हणजे जमिनीवर थोरल्याचा शब्द आणि दुकानात धाकट्याची सही, अशी कात्री तयार होते. तुमच्या कथेला ती आयती मिळते आहे.

एवढंच नव्हे. दुकानात वडील आणि थोरला असे दोघेच भागीदार असतील तर १९९६ साली वडील वारताच ती फर्म संपते. नवं भागीदारीपत्र करावं लागतं, त्यात धाकट्याचं नाव येतं. तेराव्यानंतरच्या आठवड्यात दोघे भाऊ स्टॅम्पपेपरसमोर बसलेत. एक न वाचता सही करतो. दुसरा प्रत्येक कलम वाचतो आणि नफ्याच्या कलमापाशी थांबतो. (पत्रात हिस्सा लिहिला नाही तर कायदा नफा समान धरतो, हे त्यातल्या एकाला माहीत असू द्या.) तुमची कादंबरी खरं तर इथे सुरू होते, आत्ताची पहिली बारा पानं, सूर्योदयासकट, काढून टाकली तरी चालतील.

आणि बहीण! तिला सांगलीला पाठवून तुम्ही मोकळ्या झालात. कायदा इतका सहज मोकळा होत नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. म्हणजे तुमची १९९१ची नवरी त्यातून सुटली. तरी वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात तिला १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने हिस्सा आहेच. वडील, आई आणि दोन मुलगे असे चार सारखे वाटे धरले, तर वडिलांचा पाव हिस्सा पुढे आई आणि तीन मुलांत वाटला जातो. बहिणीच्या वाट्याला येतो सोळावा भाग, रुपयात एक आणा. पुढे ९ सप्टेंबर २००५ला केंद्राने मुलींना मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, लग्न कधीही झालेलं असो. पण वडील त्याआधीच वारले असतील तर काय, याचा वाद २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. त्यानंतर तिचा वाटा भावांच्या बरोबरीचा, म्हणजे इथे चार आणे. तुमची कादंबरी २००८ला संपते, एक आणा आणि चार आणे यांच्या बरोबर मधे. तेव्हाचा वकील तिला ठाम उत्तर देऊ शकणार नाही. लेखकाला याहून चांगली जागा कुठे मिळते? हिशेब एकदा दिवाणी वकिलाकडून तपासून घ्या, पण सोडू नका.

व्यवहारात याचा अर्थ असा, की वारस नोंद झाली की सातबारावर आईचं आणि बहिणीचंही नाव लागतं, आणि जमीन तारण ठेवून कर्ज काढायचं तर बँक त्यांच्या सह्या मागते, नाहीतर हक्कसोड पत्र. ते मागायला सांगलीला कोण जातं? थोरला भाऊबीजेला जाऊन ओवाळणीच्या ताटापाशी कागद काढेल? की धाकटा सरळ फोनवर विचारेल आणि म्हणून जास्त प्रामाणिक वाटेल? दोन भावांचे स्वभाव एकमेकांसमोर ठेवून जितके दिसत नाहीत, तितके बहिणीच्या दारात दिसतील. आणि ती काय करते ते मला तरी वाचायचंय. तुमच्या पत्रात आईचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता, हेही सांगून ठेवते.

काळाच्या चुका थोडक्यात. शेवटच्या प्रकरणात धाकटा कोल्हापुरी गुळाच्या भौगोलिक मानांकनाबद्दल बोलतो. ते २०१४चं आहे. उसाची ‘एफआरपी’ (सरकारने ठरवलेला किमान दर) २००९च्या हंगामापासून, तुमच्या पात्रांनी त्याआधीची ‘एसएमपी’ म्हणायला हवं. जीएसटी २०१७चा. उलट तुमच्या काळातली एक मोठी गोष्ट तुम्ही अर्ध्या पानात उरकलीत, ती म्हणजे २००५ची पावसाळी पूरस्थिती. नदीकाठचा ऊस दिवसच्या दिवस पाण्यात राहिला की त्याला पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात, उतारा पडतो, गूळ नीट धरत नाही. दिवाळीनंतर हंगाम सुरू करायचा तर हा बुडीत ऊस गाळायचा की कारखान्याच्या मागे लागून तिकडे घालवायचा? गुऱ्हाळ बंद ठेवलं तर गुळव्याला दिलेली उचल बुडते. चालू ठेवलं तर दुकानाचं नाव जातं. इथे खलनायक लागत नाही. कारखान्याचा दर, माणसांची टंचाई आणि नदी, एवढ्यावर त्या परिसरातली कितीतरी गुऱ्हाळं थंडावली. दोन भाऊ एकमेकांशी अगदी गोडीत असते तरी थंडावली असती. हे तुम्ही स्वतःशी मान्य केलंत तर धाकट्यावरचा निम्मा भार उतरेल.

वाटणी दाखवावी का? दाखवायला हरकत नाही, पण तो शेवट आहे असं समजू नका. एकाने गुऱ्हाळ घेतलं, दुसऱ्याने दुकान, ही सगळ्यांत स्वाभाविक वाटणी. आणि ती वाटणी होतच नाही, कारण गुऱ्हाळाचा गूळ कुठल्यातरी अडतीला लागायचाच. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून कोल्हापूरचा गूळ आणि तिथला बाजार असे एकमेकांत गुंतलेत. वाटणीनंतरच्या पहिल्या दिवाळी पाडव्याला सौदे निघतात. थोरल्याचा ट्रॅक्टर यार्डात शिरतो. रवे धाकट्याच्या दुकानी उतरवले तर पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, धाकट्याच्या हातची, त्याच्या कमिशनसकट. शेजारच्या दुकानी उतरवले तर सगळं यार्ड बघतं. ट्रॅक्टर कुठे थांबतो ते लिहा आणि तिथे कादंबरी थांबवा. एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घेणं हा दुसरा पर्याय. तो जमेल, पण पैसे कुठून आले हे दाखवायला तुम्हाला आणखी तीस पानं लागतील. समेट मात्र नको. निदान जेवणाच्या पंगतीतला तरी नको.

राहता राहिले काका. धंदा बदलून काही होत नाही. गुऱ्हाळाच्या जागी तेलाचा घाणा ठेवलात तरी ज्याला ओळखायचं तो ओळखणार, आणि तुम्हाला जे नीट माहीत आहे ते मात्र हातचं जाईल. घरचे लोक स्वतःला ओळखतात ते आकड्यांवरून, तोंडच्या वाक्यांवरून आणि सवयींवरून. खऱ्या भांडणातली खरी रक्कम आणि खरं साल ठेवू नका. कोणी खरोखर बोललेलं वाक्य, कितीही झणझणीत असलं तरी, दुसऱ्या पात्राच्या तोंडी द्या किंवा गाळा. छापायच्या आधी घरातल्या एकाच माणसाला वाचायला द्या, पाच जणांना नव्हे. आणि तो माणूस त्या भांडणात कोणाच्याच बाजूने नसावा. दुसऱ्या प्रकरणात थोरला बोलता बोलता मोकळाच अडकित्ता वाजवत राहतो. ती सवय काकांची असेल, तर गुळव्याला देऊन टाका. गोळी वळून झाल्यावर त्याच्या हातांना काहीतरी लागणारच आहे.